प्रकाशाने रूट कॅनाल निर्जंतुक करताना या चुका टाळा

कॅनालमध्ये, म्हणजे दाताच्या मुळातल्या बारीक नळीत, निळा रंग सोडायचा, लाल लेझर लावायचा, जंतू खलास. फोटोडायनॅमिक थेरपीची जाहिरात साधारण एवढ्यात आटोपते. मशीन घेऊन काही महिने झाले की डेंटिस्टची तक्रार सुरू होते, ‘विशेष फरक पडत नाही हो.’ मशीन बहुधा ठीकच असतं. रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन हे तिघं एकाच जागी, एकाच वेळी असतील तरच जंतूंना मारणारा सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप) तयार होतो, आणि तोही मायक्रॉनच्या अंशाइतकं अंतर जाईपर्यंत संपतो. म्हणून शोधायचं ते या तिघांच्या मध्ये काय आडवं येतंय हे.

हायपोवर थेट रंग

सगळ्यात जास्त घात इथे होतो. हायपो, म्हणजे कॅनाल धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट, हे मुळात ब्लीच. ते कॅनालमध्ये उरलं असेल तर मिथिलीन ब्ल्यू या रंगाचा निळेपणाच जातो, आणि मग लेझरचा प्रकाश शोषायला काही राहत नाही. रंग सोडल्यावर काही क्षणांत फिका पडू लागला तर लेझर उचलू नका, पुन्हा धुवा. क्रम असा ठेवा: हायपोने नेहमीची धुलाई, मग १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरचा थर काढणारं द्रावण) साधारण मिनिटभर, मग भरपूर सलाइन, मग पेपर पॉइंट (ओल टिपायची कागदी काडी). सोडियम थायोसल्फेटने हायपो निष्प्रभ करता येतं. पण ते हाताशी नसेल तर सलाइनची कंजूषी करू नका.

ईडीटीए गाळून वेळ वाचवण्याचा मोह होतो. फाइल, म्हणजे कॅनाल घासायची बारीक सुई, फिरल्यावर भिंतीवर भुशाचा थर (स्मिअर लेअर) बसतो आणि डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, नलिकांची तोंडं बुजतात. या नलिका जेमतेम १ ते ३ मायक्रॉन रुंद असतात. एन्टरोकोकस फीकॅलिससारखे चिवट जंतू त्यांच्या आत, आणि आपला रंग बाहेर.

रक्त आणि पू

रक्तातली आणि पुवातली प्रथिनं रंग स्वतःकडे ओढून घेतात. कॅनालमधून रक्त थांबत नसेल तर आधी कारण बघा: पल्प (दाताचा आतला मऊ गाभा) राहिलाय, की फाइल मुळाच्या टोकापलीकडे गेली आहे? पू येतच असेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून दात बंद करा, प्रकाशाचं पुढच्या भेटीत बघू.

गडद रंग म्हणजे जास्त परिणाम?

उलट होतं. रंग दाट झाला की वरचा थरच प्रकाश खाऊन टाकतो आणि भिंतीपर्यंत काही पोचत नाही. शिवाय मिथिलीन ब्ल्यूचे रेणू दाटीत जोड्या करतात आणि त्यांचं शोषण ६६० नॅनोमीटरवरून खाली सरकतं. दातांच्या कामात ०.०१ टक्क्याच्या आसपासचं द्रावण चालतं. प्रयोगशाळेतल्या १ टक्क्याच्या बाटलीतला रंग त्याच्या शंभरपट दाट. रंग भरून लगेच लेझर लावू नका. उत्पादकाने सांगितलेला वेळ, सहसा १ ते ५ मिनिटं, थांबा आणि साचलेला जादा रंग पेपर पॉइंटने टिपून घ्या.

रंग एकाचा, लेझर दुसऱ्याचा

मिथिलीन ब्ल्यूला ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश लागतो, टोल्युडिन ब्ल्यूला ६३०, इंडोसायनिन ग्रीनला ८१०. हिरडी कापायला घेतलेला ८१०चा डायोड लेझर निळ्या रंगावर मारला तर नुसती ऊब मिळेल. गॉगलही त्या त्या तरंगलांबीचाच हवा, डॉक्टर, असिस्टंट आणि पेशंट तिघांना.

लेझरचं टोक वरच ठेवून मशीनच्या शिट्टीची वाट बघणं

प्रकाश वळणावरून आपोआप वळत नाही. शक्यतो चहूबाजूंनी प्रकाश सोडणारं टोक वापरा, मुळाच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडपर्यंत न्या आणि गोल फिरवत वर-खाली करा. प्रकाश आत नेणारा फायबर ३०० मायक्रॉनचा असेल तर कॅनाल त्याहून मोकळा करून घ्यावाच लागतो. मशीनवर १०० मिलिवॅट दिसतात, म्हणजे ६० सेकंदांत ६ ज्यूल. पण टोक झिजलं असेल, त्यावर काही चिकटलं असेल, तर बाहेर किती पडतात? पॉवर मीटर मिळाला तर अधूनमधून मोजा.

कॅनाल ही एका बाजूने बंद नळी असल्यामुळे आतला ऑक्सिजनही लवकर संपतो. म्हणून काही प्रयोगांत अडीच मिनिटं प्रकाश, मध्ये तेवढीच विश्रांती आणि पुन्हा अडीच मिनिटं प्रकाश असा क्रम ठेवलेला आहे. प्रकाश नीट पोचला नाही तर काय होतं, हे या पद्धतीच्या जन्मातच दिसतं. म्युनिकमध्ये ऑस्कर राब या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने ॲक्रिडीन रंगावर केलेलं काम १९०० साली प्रसिद्ध झालं. त्याच्या प्रयोगातले पॅरामेशियम (एकपेशीय जीव) कधी झटपट मरत, कधी तगून राहत. वादळी हवेमुळे उजेड बदलला होता, हे नंतर लक्षात आलं. म्हणजे ही पद्धत सापडली तीच एका बिघडलेल्या प्रयोगातून.

लेझर आहे म्हणून हायपो कमी

हे अजिबात करू नका. ही थेरपी फाइल आणि हायपोच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. वरच्या पहिल्या दाढेतला दुसरा मेसिओबक्कल (पुढच्या, गालाकडच्या मुळातला) कॅनाल सापडलाच नसेल, किंवा तात्पुरतं फिलिंग गळत असेल, तर सूज परत येणारच, आणि दोष मात्र लेझरला.

निळा पडलेला दात

पुढच्या दातांत रंग पल्प चेंबरमध्ये (दाताच्या वरच्या भागातल्या पोकळीत) साचू देऊ नका. प्रकाश देऊन झाल्यावर आता हायपो खुशाल वापरा, उरलेला रंग तेच घालवतं. शेवटी मात्र सलाइनने धुवा, कारण हायपो उरलं तर दात भरायच्या रेझिनची पकड कमी होते. भिंती भिंगातून तपासूनच कॉम्पोझिट (दातासारख्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) भरा. निळी झाक नंतर दिसली तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.