ओबीवर माती टाकताय? आधी रिपर मारा

मागच्या खेपेला चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत ओबीच्या (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेली दगडमाती) ढिगावर मी तीन हेक्टरांत माती पसरून घेतली. पहिला पाऊस होताच रोपं लावली, फोटोही काढले. ऑगस्टच्या झडीत निम्म्या एकरावरची माती रोपांसकट घसरून ढिगाच्या खालच्या बेंचवर, म्हणजे पायरीवर आली. वर जाऊन पाहतो तर उघड्या पडलेल्या ओबीवर डोझरच्या चेनचे ठसे जसेच्या तसे, मे महिन्यात उमटलेले. रिपर, म्हणजे डोझरच्या मागचा जमीन फोडणारा लोखंडी दात, मारायचा राहिला होता. यंदा हे काम ज्याच्या गळ्यात पडलंय त्याने बाकी सगळं विसरलं तरी चालेल, रिपर विसरू नये.

माती कुठे आहे ते आधी पाहा. कागदावर नाही, पायी जाऊन. खाण उघडताना काढून ठेवलेला ढीग वर्षानुवर्षं पडून असतो. तोवर त्यावर कुणी ओबी ओतलेली असते, नाहीतर रस्त्याच्या भरावाला निम्मा उचललेला असतो. उंच ढिगाच्या पोटातली माती हवेवाचून मरते. तीन मीटरच्या वर जाऊ देऊ नका, वर ताग किंवा धैंचा अशी हिरवळीची पिकं पेरून ठेवा. शेजारी नवी पट्टी उघडत असेल तर तिथली ताजी माती थेट तयार ढिगावर न्या, याच्याइतकं चांगलं काही नाही. हिशेब आत्ताच करा: ३० सेंटीमीटरचा थर म्हणजे हेक्टरी ३,००० घनमीटर, म्हणजे १० घनमीटरच्या टिप्परच्या ३०० खेपा. माती कमी पडतेच. मग सगळीकडे चार बोटं सारवत बसू नका, खड्ड्यांत भरा आणि शेणखत नाहीतर प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा गाळ) मिसळा. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर प्रेसमड आणि जिवाणूंच्या जोरावरच झाडं उभी केली.

उतार २८ अंशांच्या आत, पायथ्याला दगडी भिंत, भोवती गटार. हे मंजुरीच्या कागदात असतंच, पुन्हा सांगत नाही. एवढंच बघा की कोळशाची काळी शेल (पापुद्र्यांचा खडक) वरच्या थरात राहिलेली नाही. ती उन्हाने तापते, कधी आतून पेटते आणि तिच्यातला गंधक पाण्याला आंबट करतो. खाली पुरा. सामू (pH) तपासून घ्या.

आता रिपर. शंभर टनी डंपर वर्षभर धावले की ओबीचा माथा डांबरी रस्त्यासारखा होतो. वर आपण घालतो काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, खाली मुरायला वाट नसते, मग दोन थरांमध्ये पाणी साचतं आणि तेच वंगण होतं. माझं तेच झालं. घसरली नाही तिथेही काही साधलं नाही. दिवाळीनंतर एक मरतुकडं शिसम उपटलं, तर मूळ वीतभर सरळ आणि तिथून काटकोनात आडवं, फरशीवर लोळल्यासारखं.

म्हणून माती टाकायच्या आधी रिपर. आधी! नंतर मारलात तर मातीत ओबीचे धोंडे कालवून ठेवाल. खोली किमान ६० सेंटीमीटर, दोन तासांत (रिपरने पडणाऱ्या चरांत) मीटरभर अंतर आणि समपातळीत आडवे तास. उताराच्या दिशेने मारलेत तर प्रत्येक तासाचा ओहोळ होईल. काम मे महिन्यातच, ओबी कोरडी ठणठणीत असताना. ओली असली की ती फुटत नाही, नुसती चिरली जाते. ऑपरेटर म्हणेल, "साहेब, दात झिजतात." झिजू द्या, पण नवे दात एप्रिलमध्येच मागवून ठेवा. मी भाड्याने डोझर आणला तो रिपर नसलेला, आणि "पुढच्या हप्त्यात बघू" म्हणत बसलो. पुढच्या हप्त्यात पाऊस आला.

आणि रिपर मारलेल्या जागेवर टिप्पर चढवायचा नाही. एकही नाही. माती कडेला ओतायची, पोकलेनने पुढे फेकत मागे मागे सरकायचं. गाडी फिरली की पुन्हा रस्ता झाला, मेहनत पाण्यात. खात्री करायची असेल तर सबल (पहार) मारा: हातभर आत गेली तर ठीक, टणकन वाजली तर परत रिपर.

माती कोरडी असतानाच पसरा, ओली चोपडी होते. वरून रोलर-बिलर काही नको. पहिल्या पावसाबरोबर स्टायलो, मारवेल या चाऱ्याचं आणि धैंच्याचं बी फेका, ऑगस्टच्या आत जमीन हिरवी दिसली पाहिजे. झाडं इथलीच: करंज, शिसम, आवळा, सीताफळ, बांबू, खैर. दोन बाय दोन मीटरवर हेक्टरी २,५०० रोपं बसतात. नुसता ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून मोकळे होऊ नका. फोटोत छान दिसतो, खाली पानांचा थर कुजत नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. काटेरी कुंपण, राखणदार, शेळ्या. गाजर गवत फुलायच्या आत उपटा. फेब्रुवारीत वणवा अडवायला जाळपट्टा काढा. उन्हाळ्यात टँकर, ४५ अंशांत जेवढं पुरेल तेवढं. मेलेल्या रोपांच्या जागी दुसऱ्या जुलैत नवी, आणि तीन वर्षं लक्ष.

सबल गाडीतच ठेवा.