'ले मिझेराब्ल'वर प्रश्नमंजूषा घेण्यापूर्वीची तयारी

व्हिक्टर ह्यूगो यांची १८६२ सालची कादंबरी 'ले मिझेराब्ल' आणि तिच्यावरून उभी राहिलेली संगीतिका यांवर प्रश्नमंजूषा घ्यायची असेल, तर सर्वांत आधी एक शिस्त लावून घ्यावी: प्रत्येक प्रश्नाच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात तो कादंबरीचा आहे, रंगमंचाचा आहे की चित्रपटाचा, हे लिहून ठेवावे आणि प्रश्न वाचतानाही ते मोठ्याने सांगावे. जमलेल्यांपैकी बहुतेकांना ही कथा गाण्यांमधून ठाऊक असते, काहींनी ती संक्षिप्त आवृत्तीत वाचलेली असते आणि ३६५ प्रकरणांची मूळ कादंबरी शेवटपर्यंत वाचलेला एखादाच असतो. वाद घालतो तो हा एखादाच, आणि बहुधा तोच बरोबर असतो.

त्यानंतर नावांचा निर्णय करावा. शिक्षा भोगून सुटलेला नायक जाँ वालजाँ, त्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी जावेर, फाँतिन, तिची मुलगी कोझेत, एपोनिन, गाव्रोश, तेनार्दिये ही नावे ज्यांनी केवळ छापील रोमन अक्षरांत पाहिली आहेत, ते 'जीन वालजीन' म्हणणारच. असा उच्चार ग्राह्य धरायचा की नाही, हे गुणलेखकाशी आधीच ठरवावे. माझ्या मते तो धरावा, कारण आपण वाचन तपासत असतो, फ्रेंच उच्चारण नव्हे. शीर्षकावरही एक प्रश्न ठेवण्यासारखा आहे. ह्यूगो यांनी कादंबरीतच म्हटले आहे की दुर्दैवी आणि बदनाम माणसे एका टप्प्यावर एकाच शब्दात मिसळून जातात, आणि तो शब्द म्हणजे 'मिझेराब्ल'. साने गुरुजींनी ही कथा मराठीत आणताना 'दुःखी' हे नाव दिले. त्यात शब्दाची एकच बाजू आली, पण ती गुरुजींच्या मनाला जवळची बाजू होती.

इतिहासाचे प्रश्न काढताना १७८९ हे साल लाल शाईने लिहून त्यावर काट मारावी. रंगमंचावरचे लाल निशाण आणि बॅरिकेड पाहून ही फ्रेंच राज्यक्रांतीची गोष्ट आहे असे समजणारे फार आढळतात. प्रत्यक्षात ते बंड ५ आणि ६ जून १८३२ रोजी पॅरिसमध्ये झाले, जनरल लामार्क यांच्या अंत्ययात्रेतून पेटले आणि दोन दिवसांत चिरडले गेले. लामार्क त्या वर्षीच्या पटकीच्या साथीत वारले होते. बंड ज्याच्याविरुद्ध झाले तो राजा लुई फिलिप स्वतः १८३० च्या क्रांतीमुळेच गादीवर आलेला होता. म्हणून 'हे बंड कोणत्या राजाच्या काळातले?' हा प्रश्न सालापेक्षा अधिक चांगला ठरतो. गोळीबार सुरू झाला तेव्हा ह्यूगो स्वतः रस्त्यावर अडकले होते, हेही जोडप्रश्न म्हणून चालेल.

कादंबरीच्या जन्मकथेतून चार-पाच प्रश्न पुरेत. लेखन १८४५ मध्ये सुरू झाले, १८४८ च्या उलथापालथीत थांबले आणि लुई नेपोलियनने सत्ता बळकावल्यावर हद्दपार झालेल्या ह्यूगो यांनी ते गर्न्सी बेटावर पुन्हा हाती घेतले. शेवट मात्र त्यांनी १८६१ मध्ये वॉटर्लूच्या रणभूमीजवळ मुक्काम ठोकून लिहिला. प्रकाशक लाक्रवा ब्रुसेल्सचे होते, पॅरिसचे नव्हते. हा हमखास चुकणारा प्रश्न आहे. कादंबरीचे पाच भाग असून त्यांपैकी चारांना पात्रांची नावे आहेत, तेव्हा 'व्यक्तीचे नाव नसलेला भाग कोणता?' असे विचारावे. उत्तर चौथा भाग, ज्याच्या शीर्षकात प्ल्युमे आणि सँ-देनी हे दोन रस्ते आहेत. १८६४ मध्ये हे पुस्तक व्हॅटिकनच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले. ह्यूगो यांनी प्रकाशकाला नुसते प्रश्नचिन्ह पाठवले आणि उत्तरादाखल उद्गारचिन्ह आले, ही गोड दंतकथा मात्र वगळावी, कारण तिला विश्वासार्ह पुरावा नाही.

सर्वाधिक वेळ द्यावा तो पुस्तक आणि रंगमंच यांच्यातील फरकांना. यासाठी वहीच्या पानावर उभी रेघ ओढून दोन रकाने करावेत. दोन्हीकडे सारख्या असलेल्या गोष्टी प्रथम बाजूला काढाव्यात: वालजाँने केलेली पावाची चोरी, एकोणीस वर्षांची शिक्षा (मूळची पाच, उरलेली पळून जाण्याच्या प्रयत्नांबद्दल), दीन्य गावच्या बिशपने दिलेल्या चांदीच्या मेणबत्तीदाण्या आणि २४६०१ हा त्याचा कैदी-क्रमांक. या क्रमांकातही एक मेख आहे. कादंबरीत वालजाँला दुसऱ्यांदा बेडीत घातल्यावर ९४३० हा नवा क्रमांक मिळतो आणि संगीतिकेत त्याचा मागमूसही नाही. पुढे, जावेर वालजाँच्या मागे का लागतो, हे दोन्ही रकान्यांत वेगवेगळे लिहावे लागेल. रंगमंचावर वालजाँ सुटकेच्या अटी मोडून सुटलेल्या कैद्याचा पिवळा परवाना फाडून टाकतो. पुस्तकात मात्र बिशपकडून निघाल्यावर तो प्ती जेर्व्हे या लहान मुलाचे चाळीस सूंचे नाणे पायाखाली दाबून ठेवतो आणि तोच गुन्हा त्याच्या मानगुटीवर बसतो. माझ्या दृष्टीने हा कादंबरीतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे, कारण क्षमा मिळाल्यानंतरची ती चोरी आहे. संगीतिकेने तो गाळला, याची रुखरुख वाचकाला लागतेच.

फाँतिन पुस्तकात केस विकते आणि पुढचे दोन दात विकते, तर रंगमंचावर गळ्यातले लॉकेट आणि केस विकते. गाव्रोश हा तेनार्दिये दांपत्याचा मुलगा, म्हणजे एपोनिनचा सख्खा भाऊ, ही गोष्ट केवळ गाणी ऐकलेल्यांना धक्का देऊन जाते. हा पोरगा राहतो तो बास्तीय चौकातल्या प्लास्टरच्या हत्तीच्या पोटात. तो हत्ती खरोखर उभा होता आणि १८४६ मध्ये पाडला गेला. एपोनिनबद्दल प्रश्न काढताना दुप्पट काळजी घ्यावी. संगीतिकेत कोझेतचा प्रियकर मारियूस याचे पत्र पोहोचवायला ती जाते, कादंबरीत ते काम गाव्रोश करतो. उलट कोझेतचे पत्र एपोनिनने दडवून ठेवलेले असते आणि मरतानाच ती ते मारियूसच्या हाती देते. रंगमंचावरची एपोनिन प्रेक्षकांना अधिक लोभस वाटते, याचे कारण या बदलात आहे.

संगीतिकेच्या फेरीत पहिला सापळा 'प्रथम प्रयोग कोठे?' हा असतो. लंडन हे उत्तर चुकीचे आहे. मूळ फ्रेंच गीतकार अलँ बुब्लील यांना ही कल्पना लंडनमध्ये 'ऑलिव्हर!' ही संगीतिका पाहताना सुचली खरी, त्यातला खिसेकापू पोरगा पाहून त्यांना गाव्रोश आठवला; पण क्लोद-मिशेल शॉनबेर्ग यांच्या संगीताची ध्वनिमुद्रिका १९८० मध्ये फ्रेंचमध्ये निघाली आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पाले दे स्पोर सभागृहात रोबेर ओसँ यांच्या दिग्दर्शनाखाली प्रयोग झाले. इंग्रजी अवतार ८ ऑक्टोबर १९८५ रोजी लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात आला. निर्माते कॅमेरून मॅकिन्टॉश, दिग्दर्शक ट्रेव्हर नन व जॉन केर्ड, गीते हर्बर्ट क्रेट्झमर यांची. समीक्षकांनी नाके मुरडली आणि तिकीटखिडकीवर रांगा लागल्या. गाण्यांचा एक प्रश्न जाणकारांसाठी राखून ठेवावा: एपोनिनच्या 'ऑन माय ओन'ची चाल १९८० च्या फ्रेंच मुद्रिकेत कोणाच्या तोंडी होती? उत्तर आहे फाँतिन. 'ब्रिंग हिम होम' हे वालजाँची भूमिका करणाऱ्या कोल्म विल्किन्सन यांच्या आवाजासाठी लंडनच्या तालमींच्या काळात रचले गेले, हेही टिपून ठेवावे.

चित्रपटांची फेरी आटोपशीर असावी. टॉम हूपर यांच्या २०१२ च्या चित्रपटात कलाकारांनी चित्रीकरणाच्या वेळीच गायन केले, 'सडनली' हे गाणे नव्याने घातले गेले आणि अ‍ॅन हॅथवे यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. त्यातला बिशप कोण, हे विचारल्यास लंडनचा पहिला वालजाँ, अर्थात विल्किन्सन, हे उत्तर ऐकून सभागृह खूश होते. सोहराब मोदी यांचा १९५५ चा 'कुंदन' याच कादंबरीवर आधारलेला होता, हा प्रश्न शेवटी ठेवावा. ज्येष्ठ मंडळी त्याची वाट पाहत असतात.

दृश्यफेरीसाठी एमिल बायार यांचे, झाडूपुढे केविलवाण्या दिसणाऱ्या छोट्या कोझेतचे चित्र पुरेसे आहे. संगीतिकेच्या जाहिरातीतला चेहरा त्यातूनच उचलला आहे, तेव्हा आधी पूर्ण चित्र दाखवून चित्रकार विचारावा आणि मग कातरलेला चेहरा दाखवावा. ध्वनिफेरीत इंग्रजी गाण्यांऐवजी फ्रेंच मुद्रिकेतले तुकडे लावावेत. वीस सेकंदांहून मोठे नकोत, कारण लोक गाऊ लागतात. बरोबरी सुटलीच नाही, तर अंदाजाचा प्रश्न खिशात असू द्यावा: १२ मार्च १९८७ ते १८ मे २००३ या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मूळ निर्मितीचे किती प्रयोग झाले? सर्वांत जवळचा आकडा सांगणारा संघ जिंकेल, आणि ६,६८० हे उत्तर चिठ्ठीच्या मागे नव्हे, वेगळ्या कागदावर लिहिलेले असावे, कारण पुढच्या रांगेतल्यांची नजर तीक्ष्ण असते.