बत्तीसचं पिस्तूल घेतलंय, आता गोळ्या कुठल्या घ्यायच्या?

दिंडोरीच्या आमच्या मित्राला मळ्यातल्या घरासाठी लायसन्स मिळालं, पिस्तूल आलं, आणि पठ्ठ्या नाशकात दुकानात जाऊन नुसतं "बत्तीसच्या गोळ्या द्या" म्हणाला. दुकानदारानेपण रिव्हॉल्वरच्या काढून दिल्या, घरी मॅगझिनमध्ये बसेचनात.

तर आधी हे डोक्यात पक्कं करा की आपल्याकडे बत्तीस म्हणजे दोन वेगळी काडतुसं. पिस्तूलचं .३२ एसीपी, त्यालाच ७.६५ एमएम म्हणतात, केस, म्हणजे पितळी नळकांडं, साधारण १७ एमएमची. रिव्हॉल्वरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, ते लांबुळकं, केस २३ एमएमच्या आसपास. पिस्तूलवर काय कोरलंय त्याचा फोटो काढून न्या, बिल व्हायच्या आधी काडतुसाच्या बुडावरचा शिक्का वाचा. यूट्यूब बघून कोणी ९ एमएम घे म्हणेल तर सोडून द्या, ते प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या लायसन्सवर नाही मिळत.

पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीचा माल बरेच जण वापरतात, बुडावर केएफ असतं. इंपोर्टेड मिळालं तर खिसा हलका होतो.

हॉलो पॉइंटचा, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या आणि लागल्यावर फुलणाऱ्या गोळीचा सोस मला तरी बत्तीसमध्ये पटत नाही. गोळी ७१ ग्रेनच्या आसपास म्हणजे साडेचार ग्रॅमची, जोर मुळात कमी, त्यामुळे कधी ती फुलतच नाही आणि फुलली तर पुरेशी आत जात नाही, शिवाय काडतूस थोडं आखूड असेल तर मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकतं आणि वरच्याची रिम, म्हणजे बुडाची कडा, खालच्याच्या रिममागे अडकते की पिस्तूल जाम. साधी एफएमजे, म्हणजे धातूचं कवच असलेली गोळी घ्या. भरतानाही प्रत्येक वरची रिम खालच्या रिमच्या पुढे आहे ना ते बघा.

मग रेंजवर जाऊन त्याच गोळ्यांचे निदान ५० राऊंड मारा, प्रत्येक मॅगझिनमधून, आणि अडकलं तर ब्रँड बदला. बार फुसका वाटला तर लगेच थांबा, गोळी बॅरलमध्येच असू शकते, वर दुसरी मारली तर पिस्तूल फुटेल. पावसाळ्यात काडतुसं कोरड्या डब्यात, कुलुपात ठेवा, तेलाचा हात लावू नका.

किती राऊंड घेता येतात ते लायसन्सवर लिहिलेलं असतं, खरेदीची नोंदही चढते. मित्राच्या त्या चुकीच्या गोळ्यांची चढली होती, ती निस्तरायला बिचाऱ्याच्या ऐन छाटणीत दिंडोरी-नाशिक तीन चकरा झाल्या.