डोळ्यातल्या गाठीचा एमआरआय: या चुका टाळा

नागपूरच्या धंतोली, रामदासपेठ भागातल्या एमआरआय सेंटरांच्या बाकांवर गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेली माणसं कायम दिसतात. त्यात डोळ्यात गाठ असल्याचा संशय असलेला पेशंट क्वचितच असतो, म्हणून त्याच्या तयारीकडे दुर्लक्षही जास्त होतं. मग फोटो हलके येतात आणि दूरवरून आलेल्यांना पुन्हा यावं लागतं.

चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेन’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोठ्या माणसाचं बुबुळासकट अख्खं नेत्रगोल जेमतेम 24 मिलिमीटरचं. मेंदूच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये काप साधारण 5 मिलिमीटर जाडीचे असतात, म्हणजे डोळ्याच्या वाट्याला चार-पाच कापच येणार. गाठ बाहेरच्या पांढऱ्या आवरणापलीकडे गेली का, ऑप्टिक नर्व्हमध्ये, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत शिरली का, हे त्यात ठरवता येत नाही. त्यासाठी 2 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप लागतात. चिठ्ठीवर ‘ऑर्बिट (डोळ्याची खोबण), कॉन्ट्रास्टसह (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध)’ आणि कोणता डोळा हे स्पष्ट हवं. लहान मुलात रेटिनोब्लास्टोमाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरचा संशय असेल तर मेंदूही सोबत बघावा लागतो, कारण काही मुलांमध्ये मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतही गाठ होते. चिठ्ठी अपुरी वाटली तर अपॉइंटमेंट घेतानाच सेंटरकडून डॉक्टरांना फोन करायला लावा. पेशंट टेबलावर झोपल्यावर हा घोळ निस्तरत बसण्यात अर्थ नाही.

‘सीटी स्वस्त आहे, तोच करू’

रेटिनोब्लास्टोमातले कॅल्शियमचे कण सीटीत उठून दिसतात, हे खरं. पण हा आजार आरबी-वन जनुकातल्या दोषामुळे आनुवंशिक असेल तर सीटीतल्या किरणोत्सर्गामुळे पुढे दुसरे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. कॅल्शियम बघायला डोळ्याची सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन, बहुतेकदा पुरते. पसारा बघायला एमआरआय. ‘तुकडा काढून तपासा ना’ असा आग्रहही नातेवाईक धरतात. या गाठीचा तुकडा सहसा काढत नाहीत, कारण सुईवाटे पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात.

काजळ, ताईत आणि करदोटा

बाजारातल्या काजळ, मस्कारा, आयलाइनरमध्ये लोह ऑक्साइडचा रंग असू शकतो. त्यामुळे पापणीजवळचं चित्र वेडंवाकडं होतं, कधी त्वचेला चटकाही बसतो. घरी पाडलेलं काजळ असेल तरी पुसाच, कारण त्यात काय मिसळलंय हे सेंटरवर कोणालाच सांगता येत नाही. ‘काजळ काहून पुसता ताई, लेकराले नजर लागते ना,’ हे वाक्य इथे नवं नाही. आजीशी वाद घालण्यापेक्षा आदल्या रात्रीच कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेल घेऊन पापणीच्या कडेने हलक्या हाताने पुसा आणि सकाळी साध्या पाण्याने तोंड धुवा. वाळे, ताईत, धातूचा मणी असलेला करदोटा घरूनच काढून या. मोठ्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स काढायच्या. पापणीवर गोंदवलेला कायमचा मेकअप असेल तर आधी सांगायचं.

‘डोळ्यात कधी काही गेलं होतं का?’

हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत ग्राइंडर-वेल्डिंगवर उभं राहणारी माणसं या प्रश्नावर हसून ‘नाही’ म्हणतात. लोखंडाचा कीस उडणं त्यांच्या हिशेबात धरण्यासारखंच नसतं. पण चुंबकाच्या जवळ लोखंडाचा बारीक कण सरकून डोळ्यात रक्तस्राव झाल्याची नोंद 1980च्या दशकातच झालेली आहे. म्हणून प्रश्न ‘काही गेलं होतं का’ असा नको. ‘काम काय करता, डोळ्यातून कीस कधी काढून घेतला का’ असा हवा. शंका उरली तर आधी डोळ्यांचा एक्स-रे. डोळ्याचं जुनं ऑपरेशन, विशेषतः पडद्याच्या ऑपरेशनात भरलेलं सिलिकॉन ऑइल, हेही सांगा. त्याने चित्रातला रंग बदलतो आणि रिपोर्ट देणारा गोंधळू शकतो.

उपाशी किती?

पाच वर्षांखालच्या मुलाला सहसा भूल किंवा गुंगी देऊनच स्कॅन होतो. सर्वसाधारण नियम असा: जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास आधी, साधं पाणी 2 तास आधी. रात्री नऊपासून पाण्याचा थेंबही न देता मे महिन्यात लेकराला बसमध्ये घालून आणणं, आणि दुसरीकडे ‘रडत होतं म्हणून’ दारात बिस्किट देणं, दोन्ही सारखंच चुकीचं. नेमक्या वेळा भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. सर्दी-खोकला, ताप असेल तर निघण्याआधी फोन करा. कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा.

टेबलावरच्या चुका

मोठ्या माणसाला ‘हलू नका’ एवढंच सांगून भागत नाही. मिटल्या पापणीखाली बुबुळ फिरतच राहतं. म्हणून डोळे उघडे ठेवून बघायला समोर एक खूण ठरवून द्या, प्रत्येक सिक्वेन्सआधी (चित्रांच्या प्रत्येक फेरीआधी) पापण्या मिचकावून घ्यायला सांगा. डोळ्यावर ठेवायची छोटी कॉईल (सिग्नल टिपणारं उपकरण) असेल तर ती वापरा.

तंत्रज्ञांसाठी एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कॉन्ट्रास्ट देण्याआधीचा साधा टी-वन सोडू नका (टी-वन, टी-टू हे एमआरआयच्या चित्रांचे दोन प्रकार). मेलानोमा या कॅन्सरातलं मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, टी-वनवर आपोआपच उजळ आणि टी-टूवर काळसर दिसतं. साठलेलं रक्तही टी-वनवर उजळ दिसू शकतं. आधीचं चित्रच नसेल तर उजेड गाठीचा की औषधाचा, कसं सांगणार? कॉन्ट्रास्टनंतर फॅट सप्रेशन, म्हणजे चरबीचा उजेड दाबणं, हवंच, नाहीतर डोळ्यामागची चरबी आणि गाठ दोन्ही पांढरी दिसून कडा हरवतात. सुटलेल्या पडद्याखालचं पाणी कॉन्ट्रास्ट घेत नाही, गाठ घेते. सगळा फरक इथेच कळतो.

‘एमआरआय नॉर्मल आला, सुटलो’

अगदी लहान, चपटी गाठ एमआरआयमध्ये दिसेलच असं नाही. बाहुली मोठी करून पडदा बघणं याला पर्याय नाही. फ्लॅशच्या फोटोत बाळाची बाहुली पांढरी चमकत असेल तर रिपोर्ट काहीही असो, नेत्रतज्ज्ञांना दाखवाच.

उपचारांनंतरच्या स्कॅनला जुन्या फिल्म आणि सीडी घेऊन या, तुलना त्यावरच होते. आणि नवी सीडी मिळाली की काउंटरवरच कॉम्प्युटरमध्ये लावून बघा. रिकामी सीडी गडचिरोलीला पोचल्यावर कळून उपयोग नसतो.