जुन्या वस्त्रांतील रंगांचे विश्लेषण : या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी

ऐतिहासिक वस्त्रांतील नैसर्गिक रंगांच्या विश्लेषणाकडे वळू पाहणारे विद्यार्थी बहुधा यंत्रांविषयी विचारतात. मी त्यांना आधी रंगाऱ्याची रीत शिकायला सांगतो. यंत्र रेणूंची यादी देते. वनस्पतीचे नाव आपल्याला अनुमानाने काढावे लागते, आणि रीत ठाऊक नसेल तर ते अनुमान हमखास फसते.

तांबड्याचेच पाहा. मंजिष्ठेत पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन ही रंगद्रव्ये प्रमुख असतात, आल नावाच्या झाडाच्या मुळांत ॲलिझरिनसोबत मोरिंडोन सापडते, तर दक्षिणेतील चाय या रंगवनस्पतीच्या मुळांत ॲलिझरिन असूनही पर्प्युरिन नसते. त्यामुळे नुसते ॲलिझरिन दिसले, की पेच पडतो, कारण १८६९ मध्ये पेटंट घेतले गेलेले कृत्रिम ॲलिझरिनही तसेच दिसू शकते. अशा वेळी कारखान्यातील मालात सोबत येणारी अँथ्रापर्प्युरिन आणि फ्लेव्होपर्प्युरिन ही संयुगे शोधावीत. ती सापडली, तर पेशवाईतले म्हणून जपलेले जाजम निदान अर्ध्या शतकाने अलीकडे येते, आणि वडोदऱ्यातील दांडियाबाजारातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात हे कसे सांगावे, ते कोणत्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. निळ्यापुढे यंत्राचे फारसे चालत नाही. नीळ झाडाची असो वा १८९७ पासून विक्रीस आलेली कृत्रिम, मुख्य रेणू इंडिगोटिनच.

नमुना घेण्यापूर्वी वस्त्राला धक्का न लावता परावर्तन वर्णपटाने रंगाचा अंदाज घ्यावा आणि मूलद्रव्ये ओळखणाऱ्या क्ष-किरण प्रतिदीप्तीने रंग पक्का करायला तुरटी वापरली की लोह, हे पाहावे. मग शिवणीतला सुटा धागा मिळाल्यास काही मिलिमीटरही द्रव वर्णलेखनाला, म्हणजे मिश्रणातील रेणू वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीला, पुरतात. धाग्यातून रंग काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल सर्रास वापरले जाई. परंतु त्याने पिवळ्या रंगांतील रेणूंना जोडलेली शर्करा तुटते आणि वनस्पतीची ओळखच हरवते, म्हणून फॉर्मिक किंवा ऑक्झॅलिक आम्लाचा सौम्य मार्ग मला श्रेयस्कर वाटतो.

वडोदऱ्यात या अभ्यासाला भूमी अनुकूल आहे. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचा वारसा येथे आहे आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने वस्तू हाताळण्याची शिस्त तिथल्या माणसांकडून अवश्य शिकावी. हिरडा, तुरटी आणि मंजिष्ठ घेऊन स्वतः कापड रंगवावे, त्याचे तुकडे उन्हात ठेवून कोणता रंग किती उडतो ते पाहावे (जुन्या वस्त्रांच्या नक्षीतील, पिवळा उडाल्यामुळे निळी दिसणारी हिरवी पाने मग आपोआप ओळखू येतात), आणि प्रत्येक तुकड्यावर पाणी कुठले तेही लिहावे, कारण ॲलिझरिनच्या तांबड्यावर पाण्यातील कॅल्शियमचा परिणाम होतो.