दक्षिण इटलीतील ग्रीक गावांचा प्रवास कसा आखावा

ग्रीक वारसा पाहायचा म्हटले की बहुतेक प्रवासी थेट अथेन्सचे तिकीट काढतात. मात्र इसवी सनपूर्व आठव्या शतकापासून ग्रीक लोक समुद्र ओलांडून ज्या प्रदेशांत वसले, त्यांत दक्षिण इटलीचे स्थान वेगळे आहे. तेथे प्राचीन ग्रीक देवळे तर आहेतच, शिवाय ग्रीकचीच एक बोली आजही ज्यांच्या तोंडी आहे, अशी माणसे असलेली गावेही आहेत. या दौऱ्याची आखणी करताना पहिला नियम असा ठेवावा की आधी गावांचे दिवस ठरवावेत आणि मग उरलेल्या दिवसांत अवशेष व संग्रहालये बसवावीत. देवळांचे खांब कोणत्याही ऋतूत पाहता येतात. गावातली माणसे भेटणे मात्र महिना, वार आणि दिवसाची वेळ यांवर अवलंबून असते.

ही गावे दोन ठिकाणी आहेत. पहिला गट इटलीच्या बुटाच्या टाचेत, लेच्चे शहराच्या दक्षिणेस असलेल्या सालेंतो भागात आहे. कालिमेरा, मार्तानो, मार्तिन्यानो, स्तेर्नातिया, झोल्लिनो, सोलेतो, कोरिल्यानो, मेल्पिन्यानो आणि कास्त्रिन्यानो ही तेथील मूळ नऊ गावे होत आणि तेथील बोलीला ग्रिको म्हणतात. दुसरा गट बुटाच्या चवड्यावर, कालाब्रियातील आस्प्रोमोंते डोंगराच्या उतारावर आहे. बोवा, गाल्लिचानो आणि रोगूदी ही त्यातील प्रमुख नावे असून तेथील बोली ग्रेको किंवा ग्रेकानिको या नावाने ओळखली जाते. १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने इटलीने ज्या अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिले, त्यांत ग्रीकचा समावेश आहे. तरीही युनेस्कोने ग्रिकोची नोंद गंभीर धोक्यात असलेल्या भाषांमध्ये केली आहे. बोलणारे बहुतांशी वयस्कर आहेत, इटालियन सर्वांनाच येते आणि बोली रोमन लिपीत लिहिली जाते, त्यामुळे ग्रीक लिपी शिकून जाण्याचा येथे फारसा उपयोग नाही. त्याऐवजी कामापुरते इटालियन शिकावे.

निघण्यापूर्वी एक वाद माहीत असलेला बरा, कारण तो गावकऱ्यांच्या गप्पांतही निघतो. जर्मन भाषाशास्त्रज्ञ गेरहार्ड रोल्फ्स यांचे म्हणणे असे होते की ही बोली प्राचीन ग्रीक वसाहतींपासून अखंड चालत आलेली आहे. उलट ओरोंत्सो पार्लांजेली यांच्यासारख्या इटालियन अभ्यासकांनी तिचा उगम बायझंटाइन, म्हणजे मध्ययुगीन पूर्व रोमन, राजवटीतील स्थलांतरात शोधला. सालेंतोच्या अंतर्भागात प्राचीन काळी मेस्सापी लोकांची वस्ती होती, ग्रीकांची नव्हे, ही गोष्ट दुसऱ्या बाजूला बळ देते. तर बोलीतील काही अतिशय जुनी रूपे पहिल्या बाजूला. प्रवाशाने यात निवाडा करू नये, पण नेपल्सच्या दक्षिणेकडील पेस्टुमच्या प्राचीन ग्रीक देवळापासून कालिमेराच्या चौकापर्यंत एक सरळ रेघ ओढण्याचा मोहही टाळावा. तंजावरची मराठी ऐकलेल्या वाचकाला हे लवकर उमजेल: मूळ मुलखापासून तुटलेली भाषा काही जुने जपते, शेजारच्या भाषेतून बरेच उचलते आणि ती बोलणाऱ्याला आपण ‘तिकडचे’ आहोत असे वाटेलच असे नाही. येथील लोक स्वतःला इटालियनच मानतात.

दुसरा गोंधळ धर्माचा. ग्रीक बोलणारी ही गावे आज रोमन कॅथलिक आहेत; बोवाच्या धर्मप्रांतात ग्रीक उपासनाविधी सोळाव्या शतकातच बंद झाला. याउलट दक्षिण इटलीत व सिसिलीत जेथे ग्रीक विधीने प्रार्थना चालते, ती चर्चे बहुधा आर्बेरेश, म्हणजे अल्बेनियन वंशाच्या लोकांची असतात. पालेर्मोजवळील आजच्या पियाना देल्यी आल्बानेझी या गावाचे नाव १९४१ पर्यंत ‘ग्रीकांचे पियाना’ असेच होते. जुने प्रवासवर्णन हाती धरून निघालेला माणूस येथे हमखास फसतो.

काळाची निवड करताना ईस्टरपूर्वीचा पाम संडे हा सर्वोत्तम मुहूर्त समजावा, पण तारीख कॅथलिक पंचांगाची पाहावी. ग्रीसमधील ऑर्थोडॉक्स ईस्टर बऱ्याच वर्षी वेगळ्या दिवशी येतो. त्या रविवारी बोवात ऑलिव्हची पाने विणून केलेल्या स्त्रीरूपी आकृतींची मिरवणूक निघते. वेताच्या सांगाड्यावर पानापानाने अंग भरत नेलेल्या या आकृती मोठ्या व लहान, म्हणजे आई व मुलगी अशा असतात, त्यांना फुले व फळे यांनी सजवतात, चर्चमध्ये आशीर्वाद मिळाल्यावर त्या उसवतात आणि पानांच्या जुड्या लोकांत वाटल्या जातात. त्यांत डिमीटर आणि तिची मुलगी पर्सिफोनी या प्राचीन ग्रीक देवता पाहणारे पुष्कळ आहेत. सालेंतोत ईस्टरच्या आधीच्या दिवसांत गायक दाराशी येऊन ख्रिस्ताच्या यातनांचे ग्रिको गीत अ‍ॅकॉर्डियनच्या साथीने गातात, सोबत संत्री व रिबिनी टांगलेली फांदी असते. दोन्ही गोष्टी एकाच ईस्टरला साधणे अवघड आहे. माझा कौल बोवाला. ऑगस्टमध्ये मेल्पिन्यानोत ‘ला नोत्ते देल्ला तारांता’ हा मोठा संगीतोत्सव आणि कालाब्रियात ‘पालेआरीझा’ हा महोत्सव असतो. परंतु त्या महिन्यात ऊन कडक असते, खोल्या महाग होतात आणि लाखाच्या गर्दीत कोणा आजीशी निवांत बोलणे होत नाही.

कागदपत्रांचे काम सरळ आहे. भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो आणि मुक्काम मुख्यतः इटलीत असल्यामुळे अर्ज इटलीकडेच करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतले जातात आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. लहान गावांतील घरगुती निवासांचे आरक्षण जोडताना त्यावर पूर्ण पत्ता व तारखा असल्याची खात्री करावी.

सालेंतोसाठी ब्रिंदिसी किंवा बारी विमानतळावर उतरून लेच्चेत मुक्काम करावा. लेच्चेहून ‘फेर्रोविए देल सुद एस्त’ या रेल्वेने स्तेर्नातिया, झोल्लिनो, कोरिल्यानो व मेल्पिन्यानो ही गावे गाठता येतात. झोल्लिनोला फाटा असून सोलेतो त्या दुसऱ्या मार्गावर आहे. रविवारी या गाड्यांवर विसंबू नये. कालिमेरा व मार्तानो रेल्वेमार्गावर नसल्याने त्यांच्यासाठी बस किंवा भाड्याची मोटार घ्यावी लागते. दिवसाची विभागणी मात्र स्थानिक घड्याळाप्रमाणे करावी: दुपारी एक ते चार-पाच या वेळात गाव झोपलेले असते, चर्चला कुलूप असते आणि चौकात मांजरही दिसत नाही. सकाळी लवकर आणि सायंकाळी सहानंतर बाहेर पडावे.

पाहण्यासारखे थोडकेच आहे, पण ते नीट पाहावे. सोलेतोतील सांतो स्तेफानो या छोट्या चर्चच्या भिंती मध्ययुगीन भित्तिचित्रांनी भरलेल्या आहेत आणि तेथे ग्रीक परंपरेची छाप स्पष्ट दिसते. ते नेहमी उघडे नसते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. कालिमेराच्या उद्यानात अथेन्सने भेट दिलेला प्राचीन स्मृतिस्तंभ असून त्याच्या मंडपावर ‘कालिमेरात तू परका नाहीस’ अशा अर्थाचे ग्रिको वाक्य आहे. कास्त्रिन्यानो, मार्तिन्यानो आणि झोल्लिनो येथे पावसाचे पाणी साठवण्यासाठी जमिनीत खोदून दगडांनी बांधलेल्या, ‘पोत्सेल्ले’ नावाच्या विहिरींचे समूह आहेत. मोकळ्या मैदानात ओळीने ही दगडी तोंडे दिसतात. जवळ जाऊन वाकून पाहिले की दोरी घासून काठावर पडलेल्या खोल खाचा बोटाने चाचपता येतात. पर्यटकांसाठीच्या फलकांपेक्षा त्या खाचा या नदी नसलेल्या मुलखाविषयी अधिक सांगतात.

जेवणाची चिंता शाकाहारी माणसाने करू नये. वाळलेला बाकला शिजवून घोटलेला लगदा व त्यासोबत कडवट चिकोरीची भाजी, तसेच हरभरे व तळलेल्या पट्ट्या घातलेला पास्ता हे येथील रोजचे पदार्थ आहेत. झोल्लिनोत ऑलिव्ह, कांदा व भोपळ्याच्या जातीच्या भाज्या कणकेतच मिसळून भाजलेला ओबडधोबड पाव मिळतो, तो प्रवासात टिकतो.

लोकांशी बोलताना पाळावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या पाळल्या नाहीत तर दौरा व्यर्थ. कॉफीच्या बारमध्ये शिरून ‘ग्रीक बोलून दाखवा’ म्हणणे हा उद्धटपणा आहे. ज्या पिढीला ही बोली म्हणजे अडाणीपणाची खूण असे ऐकत मोठे व्हावे लागले, तिच्याशी आपण बोलत आहोत याचे भान ठेवावे. आधी इटालियनमध्ये अभिवादन करावे, पिकांची किंवा नातवंडांची चौकशी करावी, बोली आपोआप निघते. ध्वनिमुद्रण परवानगीवाचून करू नये. स्तेर्नातियात बोली तुलनेने अधिक टिकली आहे आणि तेथील ‘खोरा-मा’ ही संस्था त्यासाठी काम करते. अशा संस्थेला आधी पत्र लिहिलेले केव्हाही चांगले.

कालाब्रियाचा भाग अधिक खडतर आहे. रेज्जो शहराहून किनाऱ्याच्या रेल्वेने बोवा मारिना गाठावे. डोंगरातले बोवा तेथून वर, सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. बोवात रोल्फ्स यांच्या नावाचे ग्रीक-कालाब्री भाषेचे संग्रहालय आहे. गाल्लिचानोला जायचे तर आमेंदोलेआ नदीच्या रुंद, पांढऱ्या गोट्यांच्या पात्रावरून वळणे घेत जाणारा अरुंद रस्ता लागतो. घाटात गाडी चालवण्याची सवय नसल्यास स्थानिक चालक घ्यावा. तेथे मोजकीच माणसे राहतात, आणि एक लहानसे ऑर्थोडॉक्स चर्चही आहे. ते जुने नसून विसाव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिले आहे. जुने रोगूदी १९७० च्या दशकाच्या आरंभीच्या पुरांनंतर ओस पडले आणि तेथील लोकांना किनाऱ्याजवळ वसवण्यात आले. कड्यावरून पडू नयेत म्हणून आया मुलांना घराच्या खिळ्याला दोरीने बांधत, असे सांगतात. पडकी घरे धोकादायक असल्याने वाटाड्यावाचून आत शिरू नये.

आता अवशेषांकडे. रेज्जोच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात १९७२ मध्ये रियाचेजवळ समुद्रात सापडलेले, इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील योद्ध्यांचे दोन कांस्य पुतळे आहेत. त्यांच्या दालनात जाण्याआधी हवा गाळणाऱ्या खोलीत काही मिनिटे थांबावे लागते आणि प्रवेश छोट्या गटांनी होतो, म्हणून सकाळची पहिली वेळ घ्यावी. त्याच इमारतीतील लोक्री या प्राचीन ग्रीक वसाहतीच्या मातीच्या कोरीव फलकांपुढे गर्दी नसते, तेथे वेळ द्यावा. स्पार्टाच्या लोकांनी वसवलेल्या तारांतोत सोन्याच्या दागिन्यांसाठी संग्रहालय आणि दोन उभे डोरिक, म्हणजे साध्या व भक्कम ग्रीक शैलीचे, खांब पाहावेत. तारांतो ते रेज्जो ही आयोनियन किनाऱ्याची गाडी संथ असून फेऱ्या कमी आहेत. वाटेत मेतापोंतोला हेरा या ग्रीक देवीच्या देवळाचे पंधरा खांब आहेत, पण स्थानकापासून ते दूर असल्याने वाहन लागते.

परतीचे विमान नेपल्सहून असेल तर पेस्टुमला उतरावे. स्थानकातून सरळ चालत गेले की तटबंदीचे द्वार येते आणि आत तीन डोरिक देवळे आहेत. १९६८ मध्ये सापडलेल्या, पाण्यात सूर मारणाऱ्या तरुणाचे चित्र असलेल्या थडग्याचे फलक शेजारच्या संग्रहालयात ठेवले आहेत. मोठे सामान नेपल्सला ठेवून हलक्या पिशवीनिशी यावे आणि परतीच्या गाडीची वेळ आवारात शिरण्यापूर्वीच पाहून ठेवावी, कारण या स्थानकावर सर्वच गाड्या थांबत नाहीत.