पाठाची तयारी: या चुका टाळा

टाचण वही, म्हणजे शिक्षकाची रोजच्या पाठाच्या नियोजनाची वही, वेळेवर सहीला जाते, उद्दिष्ट, साहित्य, मूल्यमापन असे सगळे रकाने भरलेले असतात, आणि तरी विसाव्या मिनिटाला वर्ग हातातून सुटतो. अशा वेळी बहुधा धडा तयार झालेला असतो, तास तयार झालेला नसतो. धडा वाचला की आपल्याला तो येतो एवढंच कळतं. त्या ३५ मिनिटांत मुलं काय करणार, हे वेगळं ठरवावं लागतं. गाईडमधून टाचण उतरवणाऱ्यांची तेवढी शाई वाया जाते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उद्दिष्ट 'समजावणे' असं लिहिणं

'हातच्याची वजाबाकी समजावणे' हे शिक्षकाचं काम झालं. त्याऐवजी तास संपताना मुलांना कोणता प्रश्न द्यायचा, तो आधी लिहा: '६२ वजा २७ प्रत्येकाने वहीत एकट्याने सोडवायचं.' बाकीची तयारी या प्रश्नापासून उलट्या दिशेने करा. जी गोष्ट या प्रश्नाकडे नेत नाही, ती कितीही रंजक असली तरी आजच्या तासात नको.

'उदाहरणं फळ्यापाशी सुचतील'

सर्वांत महाग पडणारी चूक ही. दहावीला वर्गसमीकरण अवयव पाडून शिकवताना बेरीज ७ आणि गुणाकार १२ घेतला तर ३ आणि ४ लगेच सापडतात. फळ्यापाशी घाईत १२ च्या जागी ११ लिहिलं गेलं, की पूर्णांक जोडी मिळतच नाही. शिक्षक खोडतो, पुन्हा मांडतो, मागचे दोन बाक गप्पांना लागतात. सगळी उदाहरणं आदल्या दिवशी उत्तरासकट सोडवून कागदावर आणा.

क्रमही तितकाच मोलाचा. ६५ वजा २३, मग ६२ वजा २७, आणि त्यानंतरच ४०२ वजा १७८. तिसरं उदाहरण पहिलं आलं तर मुलांना हातचा आणि मधलं शून्य, दोन्ही अडचणी एकदम भिडतात.

मुलं कुठे घसरणार हेही आधीच लिहून ठेवता येतं. ६२ वजा २७ चं उत्तर वर्गात काही वह्यांत हमखास ४५ येतं. २ मधून ७ जात नाहीत म्हणून मूल ७ मधून २ वजा करून मोकळं होतं. त्याला 'नीट बघ' म्हणून उपयोग नाही. दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवा आणि सात काड्या मागा. गठ्ठा सोडल्याशिवाय त्या देता येत नाहीत, हे त्याच्या हाताला कळतं. मग पाच गठ्ठे आणि बारा सुट्या उरतात आणि पुढचं ते स्वतः करतं. गठ्ठे घरूनच बांधून न्या. वर्गात रबर लावत बसलात तर सात-आठ मिनिटं गेलीच.

नागपूरचं हवामान न बघता प्रयोग ठरवणं

सातवीची स्थितिक विद्युत ऑगस्टमध्ये घेतली की कंगवा कागदाचे कपटे उचलत नाही. दमट हवेत पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार टिकत नाही. तेल लावलेल्या केसांवर कंगवा घासला तरी हाच अनुभव येतो. हा पाठ डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत सरकवा. नाहीच जमलं तर फुगा कोरड्या लोकरी कापडावर घासा आणि कपटे आधी तव्यावर किंचित गरम करून डबीत बंद करून आणा.

सापेक्ष आर्द्रतेच्या, म्हणजे हवा बाष्पाने किती भरली आहे याच्या, पाठाला मात्र दोन्ही ऋतूंचे आकडे लागतात. एका तापमापकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा. एप्रिलच्या दुपारी दोघांत १५ अंशांहून जास्त फरक पडू शकतो, ऑगस्टच्या पावसाळी दिवशी जेमतेम २-३. हा पाठ पावसाळ्यात येणार असेल तर एप्रिलचे आकडे तेव्हाच टिपून ठेवा आणि दोन्ही जोड्या शेजारी मांडा. कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट का करतो, याचं उत्तर मग नागपूरच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

भूगोलात शून्य सावली दाखवायची हौस अनेकांना असते. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, पण पहिला दिवस मेअखेर सुट्टीत आणि दुसरा जुलैच्या मध्यावर ढगांत जातो. त्यापेक्षा २२ डिसेंबर धरा. त्या दिवशी मध्यान्ही एक मीटर काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच, ९८-९९ सेंमी भरते. इथे दोन चुका होतात. काठी ओळंब्यात नसते, आणि मोजमाप घड्याळात बाराच्या ठोक्याला घेतात. घड्याळाची भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला असल्याने इथली मध्यान्ह त्या दिवशी बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी होते. ११.५५ पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली तीच मध्यान्हीची. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे झाली तरी फरक दिसत नाही.

३५ मिनिटं पूर्ण धरणं

मुलं स्थिरावेपर्यंत ३ मिनिटं, मागच्याची उजळणी ५, नवा भाग १२, मुलांचं काम १० आणि शेवटचा प्रश्न ५. नवा भाग बारा मिनिटांत मावत नसेल तर घटक दोन तासांत तोडा, बोलण्याचा वेग वाढवू नका. फळ्यावरचं उतरवून घेण्याचा वेळ बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत. लहान वर्गांत सहा-सात ओळींना पाचेक मिनिटं सहज लागतात. फळ्याचा डावा भाग न पुसण्यासाठी राखा: तारीख, शीर्षक, नवे शब्द.

'समजलं का?' यावर विसंबणं

या प्रश्नाला सगळा वर्ग 'हो सर' म्हणतो. त्याऐवजी तीन प्रश्न टाचणात शब्दशः लिहा आणि ते विचारल्यावर मनात पाचापर्यंत मोजा. आधी प्रश्न, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटतात.

पुण्या-नाशिकचं वार्षिक नियोजन उतरवणं

व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ नागपुरात बसत नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा आठवडा-पंधरवडा उशिरा उघडतात. वर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा इथला तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक, आणि उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळेच्या आखूड तासिका. आधी शाळेच्या दिनदर्शिकेवरून प्रत्यक्ष तासिका मोजा, त्यातून चाचण्या आणि कार्यक्रमांचे दिवस वजा करा आणि उरलेल्यांत घटक बसवा.

तास संपल्यावर टाचणाच्या समासात दोन ओळी लाल पेनाने लिहा: कोणतं उदाहरण अडलं आणि कुठली चूक किती वह्यांत दिसली. 'छान झाला' असं लिहू नका, पुढच्या वर्षी त्यातून काहीच कळत नाही. '४५ – अकरा वह्या, गठ्ठे कमी पडले, वीस आणा' एवढं पुरतं.